मदत हवी आहे: कॅनडातल्या लाकूड आणि लगदा कंपन्यांचे शेअर्स ठेवू की विकू?

नमस्कार मंडळी,

मी ब्रिटिश कोलंबियात राहते. २०२२ च्या सुरुवातीला टीएफएसए (कॅनडातलं करमुक्त बचतीचं) खात्यातून दोन शेअर्स घेतले: एक सॉ मिलवाल्या कंपनीचा, एक लगदा बनवणाऱ्या कंपनीचा. घरबांधणी मंदावली की लाकूड पडेल, पण टिश्यूसाठीचा लगदा चीनला जातच राहील, एक बुडाला तरी दुसरा तारेल, असा हिशेब होता. आज दोन्ही निम्म्याच्या खाली आहेत.

चूक आता कळतेय. इथल्या लगदा गिरण्या मुख्यतः ओंडका चिरताना उरणाऱ्या चिप्सवर चालतात. सॉ मिल बंद पडली की चिप्स आटतात. प्रिन्स जॉर्जमधली लगद्याची एक लाइन २०२३ मध्ये कायमची बंद झाली, ती कच्चा माल पुरेना म्हणूनच. दोन वेगळे धंदे समजून पैसे घातले, ते एकाच ओंडक्याचे निघाले! त्यात पाइन बीटलने (झाडं मारणारा किडा) आणि वणव्यांनी जंगल गेलं, आणि कॅनडाच्या लाकडावरची अमेरिकेची ड्युटी २०२५ मध्ये साधारण ३५ टक्क्यांवर पोचली. ऑक्टोबरपासून वर आणखी १० टक्के.

दुसरी चूक पीईची (शेअरचा भाव नफ्याच्या किती पट आहे त्याची). मे २०२१ मध्ये लाकडाच्या फ्युचर्सचा (पुढच्या तारखेच्या सौद्यांचा) भाव हजार बोर्ड फुटांना १६०० डॉलरच्या वर होता, ऑगस्टमध्ये ५०० च्या खाली. त्या वर्षीच्या नफ्यावर काढलेला पीई मला फार स्वस्त वाटला.

तोट्यातल्या अशा कंपनीचं मोल तुम्ही कशावरून ठरवता? पुस्तकी किंमत (हिशेबातली मालमत्ता वजा देणी) धरावी, तर बंद गिरणीची यंत्रं घेणार कोण? वेस्ट फ्रेझरसारख्या लाकूड कंपन्यांच्या बऱ्याच गिरण्या अमेरिकेच्या दक्षिणेत आहेत, तिथल्या मालाला ही ड्युटी नाही. तिकडे वळू का? टीएफएसएतला तोटा करात दाखवता येत नाही, म्हणून विकायला हात धजत नाही. ‘अ‍ॅव्हरेज करा’ (पडलेल्या भावात आणखी घ्या) म्हणणार असाल तर कारणही सांगा. हे पैसे लेकीच्या शिक्षणाचे आहेत, चार वर्षांनी लागतील.

---

ताई, चार वर्षांनी लागणारे पैसे असतील तर अ‍ॅव्हरेज अजिबात करू नका. पीई सोडा, आधी कर्ज आणि हातातली रोकड बघा, आजच्या भावात ती किती तिमाह्या पुरेल ते काढा. सॉ मिलचा शेअर त्यात टिकला तर थांबता येईल. लगद्याचं मात्र चिप्सवर ठरेल. तुमच्या कंपनीला चिप्स कुठल्या सॉ मिल्स देतात, आणि त्यातल्या किती अजून चालू आहेत? तेवढं तिमाही अहवालातून बघून इथे लिहाल का?