अनुभव धागा: मोटर बंद ठेवून पण हलकी चालणारी ई-सायकल कोणती घ्यावी?

जळगावात कामावर जायला हलकी ई-सायकल घ्यायचीय. पाय मारायचेच आहेत, मोटर फक्त समोरून वारं असलं किंवा मे महिन्यात जीव नकोसा झाला की. दुकानात जो तो रेंजच सांगतो (एका चार्जिंगमध्ये किती जाते ते), बंद करून चालवून बघू द्या म्हटलं की चेहऱ्याकडे बघत बसतात. खान्देशातल्या मंडळींनी आपापले अनुभव लिहा ना.

भुसावळहून
भो, आधी मोटर कोणती ते विचार. मागच्या हबात, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात, आतून गिअरवाली मोटर असली तर तिच्यात क्लच असतो, बंद केली की चाक मोकळं. बिनगिअरची डायरेक्ट ड्राइव्ह असली तर आतली मॅग्नेटं चाकासोबत फिरतच राहतात, मग बंद असताना पण ओढ लागते. मागचं चाक उचल आन् हाताने पुढच्या बाजूला फिरव, बराच वेळ फिरत राहिलं तर समज मोकळं आहे. पण उलटं फिरवून ठरवू नको, उलटं फिरवलं की गिअरवाली पण जडच लागते, आमच्या शेजाऱ्याने तेवढ्यावरून चांगली सायकल नापास केली.

धुळ्याहून
मला तर वजनापेक्षा टायर आणि गिअर महत्त्वाचे वाटतात. माझी बावीस किलोच्या आसपास आहे, तरी सपाटीला बंद ठेवून आरामात जाते कारण टायर बारीक आणि मागे सात गिअर. मित्राची चार इंची जाड टायरवाली, दिसायला एकदम भारी, पण मोटर बंद झाली की बैलगाडी ओढल्यासारखं होतं. लळिंगच्या चढाला मात्र वजन कळतंच, तिथे सिंगल स्पीडवाल्याने जाऊच नये.

चाळीसगावहून
दादा, जिने असतील तर वजनाचा विचार आधी करा. आमच्याकडे लिफ्ट नाही, सायकल रोज वर न्यावी लागते, म्हणून मी बॅटरी काढता येणारीच घेतली, आधी बॅटरी वर नेते मग सायकल. आणि सीट पुरेशी वर होते का नक्की बघा, बऱ्याच मॉडेलांत होत नाही, मग गुडघे वाकडेच राहतात, पायात जोरच येत नाही आणि माणूस दोष देतो वजनाला.

शहाद्याहून
आमच्याकडे लाइटीचा भरवसा नाही म्हणून बंद ठेवून चालणारीच पाहिजे होती. टॉर्क सेन्सरवाली मिळाली तर बघा, जेवढा जोर लावाल तेवढीच मदत करते. साध्या सेन्सरला पायडल फिरलं एवढंच कळतं, म्हणून निघताना एकदम झटका देते, बाजाराच्या गर्दीत तर नकोच वाटतं. महाग पडते पण पायाची सवय सुटत नाही. उन्हात तापलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका, सावलीत गार होऊ द्या.

अमळनेरहून
250 वॉटच्या आतली आणि 25 च्या स्पीडला मोटर बंद होणारी घ्या, आरटीओ पासिंग लागत नाही. मी घेताना दुकानदाराला बॅटरी काढूनच ठेवायला लावली आणि टायरात हवा नीट भरून पुलाच्या चढावर चालवून बघितली. एका दुकानात नाही म्हणाले, तिथून घेतलीच नाही.