माइक चालू केला की खेळ बिघडतो, बंद ठेवला की शिव्या बसतात. करू काय?

अर्धवट_स्नायपर

मंडळी, एक विचारायचंय, हसू नका. पाच विरुद्ध पाचवाला शूटर खेळतो, रँक्डच, आणि बहुतेक वेळा एकटाच शिरतो म्हणजे टीममधले बाकी चौघं अनोळखी. आजवर माइक बंद ठेवूनच खेळत आलो. काल शेवटचा राउंड चालू होता, बी साइटवर (मॅपवरच्या राखायच्या दोन जागा असतात, ए आणि बी) मी एकटा, समोरून तिघं आले, मला नीट दिसले पण, आणि मी शहाण्यासारखा चॅटमध्ये टाइप करायला घेतलं "३ बी". एंटर मारेपर्यंत मी जमिनीवर आणि आमचे बाकीचे ए साइटवर निवांत उभे. त्यानंतर एकाने माझी जी बिनपाण्याने केली ती अजून कानात आहे.

म्हणून आज हिय्या करून माइक चालू केला. तर नवीनच तमाशा. ब्लूटूथ हेडफोन आहे माझा, माइक सुरू होताक्षणी गेमचा अख्खा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा झाला, पावलं डावीकडून येतायत की उजवीकडून काही कळेना. वैतागून हेडफोन काढला आणि लॅपटॉपच्या स्पीकरवर आलो तर चौघंही ओरडायला लागले, "कोणाचा एको येतोय, बंद कर". मला तर कसलाच एको ऐकू येत नव्हता, त्यामुळे मीही त्यांच्याबरोबर ओरडलो की कोण आहे रे तो.

आणि खरी गोची वेगळीच आहे. बोलायला लागलो की नेम चुकतो. तोंड आणि बोटं एका वेळी चालतच नाहीत, आणि तोंडातून निघतं काय तर "अरे आला आला आला". कोण आला, कुठून आला, पत्ता नाही. तुम्ही लोक खेळता खेळता कसं काय बोलता? शिवाय एक मित्र म्हणतो व्हॉइस चॅटने पिंग (म्हणजे नेटचा उशीर) वाढतो, त्यात तथ्य आहे का?

---

जुनाट_केबल

तो एकोवाला तूच होतास रे. साधा नियम लक्षात ठेव, ज्याला एको ऐकू येत नाही तोच चोर. त्यांचा आवाज तुझ्या स्पीकरमधून बाहेर, तिथून तुझ्या माइकमध्ये, तिथून परत त्यांच्या कानात. तुझा स्वतःचा आवाज कोणी परत पाठवत नव्हतं म्हणून तुला सगळं शांत शांत. हेडफोन घातलास की विषय संपला. एको कॅन्सलेशन म्हणून सेटिंग असतं पण स्पीकर मोठा ठेवून त्याच्या भरवशावर राहू नकोस.

आता डबा. ब्लूटूथचा जुना रोग आहे हा, तुझा हेडफोन बिघडलेला नाही. नुसतं ऐकताना आवाज फक्त कॉम्प्युटरकडून हेडफोनकडे जातो, स्टिरिओ आणि बऱ्या दर्जाचा, त्याला एटूडीपी म्हणतात. माइक लागला की आवाज दोन्हीकडून न्यायचा असतो, मग हेडफोन गुपचूप फोन कॉलवाल्या हँड्स-फ्री मोडमध्ये घसरतो आणि तिथे आवाज मोनो होतो, सॅम्पलिंग ८ नाहीतर १६ किलोहर्ट्झवर येतं. मोनो म्हटल्यावर डावं-उजवं गेलंच, पावलं कुठली कळणार. एलई ऑडिओवाल्या (ब्लूटूथची नवी पद्धत) नव्या हेडफोनमध्ये हे दुखणं कमी झालंय पण ते हेडफोन आणि कॉम्प्युटर दोन्हीकडे असावं लागतं.

उपाय फुकट आहे. ऐकायला ब्लूटूथच ठेव, फक्त इनपुट डिव्हाइस बदलून लॅपटॉपचा माइक कर. गेमच्या सेटिंगमध्येही कर आणि विंडोजमध्येही कर, नाहीतर कुठून तरी हेडफोनचा माइक परत जागा होतो आणि पुन्हा डबा. त्याहून बरं म्हणजे ड्रॉवरमध्ये पडलेला वायरवाला इअरफोन काढ, ज्याच्या वायरवर छोटा माइक असतो तो. ब्लूटूथमध्ये आवाज किंचित उशिरा पोचतो, शूटरमध्ये तेही नडतं. वायरलेसच पाहिजे असेल तर यूएसबी डोंगलवाले २.४ गिगाहर्ट्झचे हेडसेट वेगळे असतात, त्यांना हा रोग नाही.

पिंगचं म्हणशील तर मित्राला सांग अफवा पसरवू नकोस. डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपचा व्हॉइस चॅनल डिफॉल्ट ६४ केबीपीएसचा असतो, म्हणजे सेकंदाला ८ किलोबाइट. तासभर श्वास न घेता बोललास तरी २९ एमबीच्या आसपास जाईल. आवाज दाबून पाठवणारा ओपस नावाचा कोडेक आहे, २०१२ पासून स्टँडर्ड झालेला, तो याहून कितीतरी कमी डेटातही समजेल असं बोलणं पोचवतो. पिंग उडत असेल तर घरात कोणीतरी फोटोंचा बॅकअप लावलाय का ते बघ, माइकला कशाला दोष.

---

मेल्यावर_गप्प

केबलभाऊंनी वायरिंग सांगितलं, मी तोंडाचं सांगतो.

पहिली गोष्ट पुश-टू-टॉक लाव. बटण दाबलं तरच आवाज जाणार. ओपन माइकवर तुझा कीबोर्ड, पंखा, घरातली हाक, सगळं चौघांच्या कानात जातं आणि ते तुला म्यूट करतात आणि तुला कळतही नाही की आपण भिंतीशी बोलतोय. बटण माउसच्या अंगठ्याजवळचं ठेव, कारण डावी बोटं चालण्यात अडकलेली असतात, तिथेच बोलायचं बटण दिलं तर बोलताना तू उभा राहतोस आणि मरतोस. मला वाटतं तुझा नेम चुकण्यामागे अर्धं कारण हेच निघेल. पण तू तर ओपन माइकवर होतास ना? मग बाकीचं अर्धं कारण बघू.

तू "बोलायचं" म्हणजे कॉमेंट्री करायची असं समजतोयस. तुझंच उदाहरण घे. "अरे आला आला, अरे यार, भाई मेलो मी, काय मारलं त्याने, कसला लकी आहे" हे आठ सेकंदाचं भाषण झालं आणि त्यात माहिती शून्य. त्याजागी "बी, तीन, एक अर्धा" एवढंच. जागा, किती जण, कोणाला किती लागलंय. दीड सेकंद. आणि जागा आधी, कारण ऐकणाऱ्याला पहिल्या शब्दावरच वळायचं असतं, आकडा नंतर आला तरी चालतो. "इकडे" हा शब्द तर तोंडातून काढूनच टाक. इकडे म्हणजे कुठे बाबा, तुझी स्क्रीन मला दिसत नाही.

मॅपवरच्या जागांची नावं पाठ कर, बऱ्याच गेममध्ये मिनिमॅपजवळ तू उभा आहेस त्या जागेचं नाव लिहिलेलं असतं. मी सुरुवातीला रिकाम्या मॅपवर एकटाच फिरायचो आणि मोठ्याने नावं घ्यायचो, वेड्यासारखं वाटतं पण आठवडाभरात जीभ वळते. आणि गोळीबार चालू असताना बोलूच नकोस. दिसला, बोललास, मग मारामारी. किंवा मारामारी, मग बोललास. दोन्ही एकदम मलाही येत नाही आणि मी बरीच वर्षं खेळतोय.

शेवटचं, माझ्या नावावरून कळलं असेलच. टीममधला एकटा जिवंत असेल आणि समोर दोघं-तिघं असतील तेव्हा मेलेल्या चौघांनी तोंडाला कुलूप लावायचं. त्याला पावलं ऐकायची असतात. "मागे बघ मागे बघ" म्हणणारा हमखास असतो एक, आणि मागे कोणी नसतं.

---

म्यूट_बटण_माझं

मला जरा वेगळं सांगायचंय. सगळे "माइक चालू कर" एवढंच सांगतायत, पण तो सगळ्यांना सारखाच स्वस्त पडत नाही.

मी मुलगी आहे. राउंडच्या सुरुवातीला "एकजण मिडलला या" एवढंच म्हटलं की दोन सेकंद चॅनलमध्ये शांतता पसरते, आणि मग कोणीतरी म्हणतं "अरे मुलगी आहे". तिथून पुढे मिडल राहिलं बाजूला. एकाला माझा आयडी हवा असतो, दुसऱ्याला मी कोणाची गर्लफ्रेंड म्हणून खेळतेय ते जाणून घ्यायचं असतं, तिसरा हरलो की माझ्यामुळेच हरलो. म्हणून माझं ठरलेलं आहे, अनोळखी टीममध्ये पहिल्या फालतू वाक्याला म्यूट, दुसरं वाक्य ऐकायला मी थांबतच नाही. समजावायला गेलं की त्यांना अजून चेव येतो.

आणि त्या वेळी मी पिंगने खेळते. नेटवाला पिंग नाही, मॅपवर खूण करायचा पिंग. एपेक्स लेजेंड्स फेब्रुवारी २०१९ मध्ये आला तेव्हा त्यात एका बटणावर शत्रू, बंदूक, जागा सगळं दाखवता यायचं, तोंड न उघडता अख्खी मॅच खेळता यायची. नंतर इतर गेमनीही तसलं काही ना काही घेतलं. स्नायपरभाऊ, तुझ्या कालच्या त्या राउंडला टाइप करण्याऐवजी एक पिंग मारला असतास तरी चौघांना कळलं असतं.

रिपोर्टही करत जा, पूर्वीइतकं वाया जात नाही. एक्सबॉक्सवर २०२३ पासून नुकताच झालेला ६० सेकंदांचा व्हॉइस पकडून रिपोर्टला जोडता येतो. त्याच वर्षी कॉल ऑफ ड्यूटीत टॉक्समॉड आणलं, ते बोलणं चालू असतानाच शिवीगाळ हुडकतं. व्हॅलोरंट बनवणाऱ्या रायटनेही २०२१ मध्ये नियम बदलून व्हॉइस रेकॉर्ड करायची मुभा घेतली. मला या रेकॉर्डिंगचं दोन्ही वाटतं, बरंही आणि थोडं विचित्रही. पण ज्याला शिव्या खाव्या लागतात त्याला आधी बरंच वाटतं.

---

मेल्यावर_गप्प

ताई, म्यूटचं शंभर टक्के बरोबर. पण पिंगने सगळं होतं हे नाही पटलं. पिंगने "इथे शत्रू" सांगता येतं, "मी आवाज करतो तू मागून जा" हे कसं सांगणार?

---

म्यूट_बटण_माझं

सगळं होतं असं मी म्हटलंच नाही. ओळखीच्या चौघींबरोबर खेळते तेव्हा मीच सगळ्यात जास्त बडबडते, त्यांना विचारा. अनोळखी लोकांत मागून जायची बोलणी करायची वेळच येत नाही हो, त्याआधीच आयडी मागतात.

---

रात्रपाळी

चांगला धागा. माझी पिढी जुनी, आम्ही टीमस्पीक आणि व्हेंट्रिलो या जुन्या व्हॉइस चॅटवाले. तेव्हा ग्रुपमधला कोणीतरी सर्व्हर भाड्याने घ्यायचा आणि पत्ता, पोर्ट, पासवर्ड असा कागद जपून ठेवावा लागायचा. डिस्कॉर्ड २०१५ मध्ये आलं तेव्हा नुसत्या लिंकवर आत शिरता येतं यावर विश्वास बसला नव्हता. कन्सोलवाल्यांकडे एक्सबॉक्स लाइव्ह २००२ च्या नोव्हेंबरात सुरू झालं, त्याच्या किटमध्ये हेडसेटच यायचा, म्हणजे अनोळखी माणसाच्या शिव्या तेव्हापासून घरपोच.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या सुरुवातीच्या काळात चाळीस जणांचे रेड, म्हणजे मिळून केलेले हल्ले, असायचे. चाळीस माइक. विचार करा. फक्त लीडर बोलणार, बाकीच्यांनी विचारल्याशिवाय चकार शब्द काढायचा नाही, आणि तरी एखाद्याचं बटण अडकायचं आणि अख्खा रेड त्याचं घोरणं ऐकायचा.

स्नायपर, तुला एक सुचवू? रँक्डमध्ये बोलायला शिकू नकोस, तिथे चूक महाग पडते. आधी असा एखादा गेम घे जिथे बोलणं हाच खेळ आहे. फॅस्मोफोबियात भूत तुमचा आवाज ऐकतं, नाव घेऊन हाक मारली तर उत्तरही देतं. लीथल कंपनीत आवाज अंतरावर अवलंबून असतो, जवळचा मोठा, लांबचा बारीक. परवा आमच्यातला एक पुढच्या खोलीतून सांगत होता, "इकडे काहीच नाहीये, या तुम्ही, अरे हे काय" आणि पुढचा शब्द अर्ध्यात कापला गेला. किंकाळी नाही, काही नाही. आम्ही तिघं अंधारात पाच मिनिटं त्याला हाका मारत उभे. असल्या गेममध्ये बोलायची भीड आपोआप चेपते कारण गप्प बसण्याची जास्त भीती वाटते.

---

अर्धवट_स्नायपर

सगळ्यांचे आभार, आज तीन मॅच खेळून आलोय, रिपोर्ट देतो.

ड्रॉवरमधला वायरवाला इअरफोन सापडला, एका बाजूचा रबर नाहीये पण पावलं दोन्हीकडून येतायत, डबा गेला. केबलभाऊ, मित्राला तो ८ किलोबाइटचा हिशोब पाठवला, त्याने नुसता अंगठा दिलाय.

पुश-टू-टॉक माउसवर घेतलं. आधी डिस्कॉर्डवर मित्राबरोबर करून बघितलं तर गेमच्या बाहेर चालायचं आणि गेममध्ये शिरलं की मुकं. तासभर डोकं फोडल्यावर कळलं की गेम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालत होता आणि डिस्कॉर्ड साधं, म्हणून बटण त्याच्यापर्यंत पोचतच नव्हतं. दोन्ही सारखे केले आणि झालं. दुसरं म्हणजे मी बटण लवकर सोडतो, शेवटचा शब्द गिळला जातो, मित्राला "बी, ती" ऐकू गेलं, तो म्हणे ती कोण? रिलीज डिले, म्हणजे बटण सोडल्यावरही माइक किती वेळ चालू राहतो तो, जरा वाढवलाय आता.

पहिल्या दोन मॅच हरलो. तिसऱ्यात मी "ए, दोन, एक अर्धा" म्हटलं आणि दोघंजण खरंच पळत आले. आले हो! मी इतका खूश झालो की त्यांच्याकडेच बघत उभा राहिलो आणि मागून कोणीतरी मला टिपलं. राउंड त्यांनी जिंकून दिला पण, मी मेल्यावर एक अक्षर बोललो नाही.

म्यूटवाल्या ताई, एक विचारायचं राहिलं. आमच्या टीममध्ये आज एकजण दुसऱ्याला सारखं घालून पाडून बोलत होता, मला नाही, दुसऱ्याला. मी फक्त म्यूट केलं. मध्ये काही बोलायला हवं होतं का?

---

म्यूट_बटण_माझं

"भाऊ, पुढचा राउंड बघ" एवढं एकच वाक्य, तेही शांतपणे, आणि मग म्यूट. भांडायला जाऊ नकोस. पण ज्याला तो बोलत होता त्याला ते वाक्य ऐकू जातं, मला एकदा गेलं होतं.