खुलताबाद ते वेरूळ पायी आणि पुढे हुरडा : बेत कसा आखावा?

पायपीट_मंडळ

नमस्कार. आम्ही छत्रपती संभाजीनगरातील पंचवीसेक जण दर रविवारी सकाळी एकत्र फिरायला जातो. त्यांपैकी निम्म्यांनी साठी ओलांडलेली आहे आणि चार शाळकरी मुलेही बरोबर असतात. संक्रांतीनंतरच्या रविवारी खुलताबादला भद्रा मारुतीचे दर्शन घेऊन घाटाने वेरूळपर्यंत पायी उतरावे, दहाच्या सुमारास जवळच्या एखाद्या शेतावर हुरडा खावा, दीड वाजता ढाब्यावर शेवभाजी-भाकरी आणि मांसाहार करणाऱ्यांसाठी नान-खलिया (नान आणि मटणाचा रस्सा) असे जेवण घ्यावे व मग लेणी पाहावीत, असा बेत आहे. तिळगूळ आणि रेवड्या आम्ही घरूनच नेणार आहोत. हुरड्यासाठी शेतमालकाशी किती आधी बोलावे आणि हा क्रम ज्येष्ठांना झेपेल का, याबाबत अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

रबीचा_माणूस

आमच्या घरी दरवर्षी हुरड्यासाठी ज्वारी पेरतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. दाणा दुधावरून चिकात येतो तेव्हाच त्याला ती गोडी असते, आणि एका पट्ट्यात ही अवस्था मोजकेच दिवस टिकते. त्यानंतर दाण्यातल्या साखरेचे पिठूळ होते आणि मग भाजून काहीही हाती लागत नाही. म्हणून जाणते शेतकरी आठ-पंधरा दिवसांच्या अंतराने पट्टे पाडून पेरा करतात. आपण शेतमालकाला ‘हुरडा मिळेल का’ असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर नेहमी ‘या की’ असेच येते. ‘पेरा कधीचा आहे आणि आमच्या रविवारी कोणता पट्टा चिकात असेल’ असे विचारावे, आणि तीन-चार दिवस आधी पुन्हा खात्री करून घ्यावी. वाण गुळभेंडी असल्यास उत्तम, कारण तिचा दाणा बोंडातून सहज सुटतो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने खास हुरड्यासाठी काढलेले ‘परभणी वसंत’ही काही जण पेरतात.

पंचवीस माणसांना एक आगटी, म्हणजे कणसे भाजायचा विस्तव, पुरत नाही. गोवऱ्यांच्या फुललेल्या विस्तवात खुपसलेली कणसे सारखी फिरवत राहावी लागतात आणि बाहेर काढलेले कणीस हात पोळत असतानाच चोळावे लागते. ते निवले की दाणा सुटत नाही आणि मागे बसलेल्यांच्या वाट्याला राखच जास्त येते. त्यामुळे दोन आगट्या पेटवायला आधीच सांगून ठेवा.

राहिला ढाब्याचा प्रश्न. शेंगदाण्याची आणि जवसाची चटणी, दही, गूळ, हरभऱ्याचा टहाळ, बोरे, उसाची कांडकी एवढे सगळे दहा वाजता पोटात गेल्यावर दीड वाजता शेवभाजीकडे कोणी पाहणारही नाही. हुरडा हेच जेवण समजावे.

गोदाकाठची

वरील सूचनेशी पूर्णपणे सहमत आहे. मागच्या हिवाळ्यात आम्ही महिनाभर आधी पैसे भरून एका शेतावर गेलो, तेव्हा दाणा अगदी कडक झालेला होता. मालकांनी दुसरीकडून आदल्या दिवशीची कणसे आणून भाजली आणि वर चटणीचा मारा केला. माझ्या सासूबाईंनी एक दाणा चावून पाहिला, तळहातावर काढून ठेवला आणि परतीच्या वाटेवर त्या कोणाशीही बोलल्या नाहीत.

निवृत्त_मास्तर

चालण्याबद्दल लिहितो. खुलताबाद डोंगरावर आणि वेरूळ पायथ्याशी असल्याने वाट उताराची आहे. दम लागत नाही, मात्र गुडघे बोलू लागतात. हनुमान जयंतीला रात्रभर चालत भद्रा मारुतीला जाणाऱ्यांना हे चार-पाच किलोमीटर किरकोळ वाटतील, परंतु आपल्या ज्येष्ठांनी काठी घ्यावी आणि घाटातल्या वळणांवर एकामागोमाग एक चालावे, कारण वाहने अचानक समोर येतात. एक गाडी पुढे पाठवून घाटाच्या पायथ्याशी उभी ठेवावी.

क्रम मात्र बदला. सातला निघून नऊपर्यंत लेण्यांपाशी पोहोचा. तेथील चौतीस लेण्यांपैकी कैलास, म्हणजे सोळावे, आणि आणखी दोन-तीन एवढीच निवांत पाहा. लेणी पश्चिमाभिमुख असल्याने सकाळी सावली असते. छायाचित्रांची हौस असलेल्यांची थोडी निराशा होईल, त्याला इलाज नाही. बारा वाजता शेतावर बसा आणि हुरड्यासोबत वांग्याचे भरीत, भाकरी व ताक एवढेच सांगा. रविवार बदलून आठवड्यातला दुसरा दिवस घेणार असाल तर मंगळवार टाळा. त्या दिवशी वेरूळ बंद असते.

पायपीट_मंडळ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आज शेतमालकांशी बोलणे झाले. त्यांचा तिसरा पट्टा आमच्या रविवारी चिकात असेल असे ते म्हणतात, आणि गुरुवारी मी स्वतः जाऊन एक कणीस चोळून पाहणार आहे. दोन आगट्या, भरीत, भाकरी आणि ताक ठरले असून ढाबा रद्द केला आहे. नान-खलियाच्या बाजूच्या सहा सदस्यांनी मात्र आपला लेखी निषेध अद्याप मागे घेतलेला नाही.