लाइट नव्हती तेव्हा खान्देशात बर्फ यायचा कुठून?

केळीवाला_रावेर:
आमची आजी म्हणते तिच्या लग्नात पंगतीला पॉटचं आइस्क्रीम होतं. गावात लाइट आली त्यानंतर कितीतरी वर्षांनी. आता मे महिना, आपल्याकडचं ४४-४५ डिग्री ऊन, बर्फ आणला कुठून आणि टिकला कसा? का आजी फेकतेय?

भुसावळ_जंक्शन:
फेकत नाहीये भाऊ. गावात लाइट नव्हती, शहरात बर्फाचा कारखाना असायचा ना. आणि बर्फ करायला लाइटच पाहिजे असंही नाही, जुने कारखाने वाफेच्या इंजिनवर चालायचे, कॉम्प्रेसर फिरला म्हणजे झालं. तिथून आख्खी लादी आणायची, लाकडाच्या भुशात दाबायची, वरून बारदान गुंडाळायचं आणि गाडी रात्रीच हाकायची. लादी फोडायची मात्र नाही, चुरा केला की संपलाच तो.

वाचनवेडा:
भुशाची ताकद कमी समजू नका. १८३३ मध्ये बोस्टनहून 'टस्कनी' जहाज १८० टन बर्फ घेऊन निघालं, चार महिन्यांनी कलकत्त्याला पोचलं तेव्हा १०० टनांच्या आसपास शिल्लक होता!! तिकडच्या गोठलेल्या तळ्यांचा बर्फ, आणि ह्या धंद्यात पुढे भुसाच चालला. त्याच्याही आधी अलाहाबादकडे थंडीत मातीच्या उथळ ताटल्यांत पाणी ठेवून रात्रीतून बर्फ धरवायचे, खाली ऊस-मक्याच्या वाळल्या धाटांचा थर, वर आभाळ निरभ्र पाहिजे. हवा शून्याच्या वर असली तरी जमायचं, कारण पाण्यातली उष्णता सरळ आभाळाकडे निघून जाते.

केळीवाला_रावेर:
बरं, बर्फ आला. पण नुसत्या बर्फाने दूध गोठतं का?

अमळनेरचे_नाना:
नाही गोठत, खरी गंमत खडेमिठाची आहे. साखर घातलेलं दूध शून्यावर गोठत नाही, त्याला अजून खाली न्यावं लागतं. बर्फात मीठ पडलं की तो शून्याच्या खालीही वितळतो आणि वितळायला लागणारी उष्णता डब्यातल्या दुधातून ओढून घेतो. तीन भाग बर्फ, एक भाग मीठ धरलं तर मिश्रण उणे २१ पर्यंत जाऊ शकतं, एवढं लागत नाही म्हणा. म्हशीचं दूध आटवून पूर्ण गार करून डब्यात, डबा लाकडी बादलीत, भोवती बर्फ-मिठाचे थर, मग हँडल फिरवत बसा. थांबलात तर कडेला खडे धरतात. सुरुवातीला पोरं भांडून फिरवतात, जड झालं की सगळी गायब, मग एखाद्या दांडग्या मामाला बसवायचं. झाकण उघडण्याआधी कडा पुसून घ्या, नाहीतर मिठाचं पाणी आत गेलं की सगळा पॉट वाया.

केळीवाला_रावेर:
वा नाना! असा लाकडी पॉट अजून कुठे मिळतो का, जळगाव-धुळ्याकडे?

अमळनेरचे_नाना:
जुन्या भांड्यांच्या दुकानात विचार, आणि बादलीच्या फळ्या सुकल्या असतील तर आदल्या रात्री पाणी भरून ठेव, फुगल्या की गळत नाही.