इतके गोल करूनही मॅक्ग्रोरी स्कॉटलंडकडून फक्त 7 सामने का खेळला?

तालमीचा_पोर
परवा कट्ट्यावर फुटबॉलमधल्या जुन्या सेंटर फॉरवर्डांवरून (मधले, गोल मारणारे आघाडीवीर) वाद रंगला आणि ग्लासगोच्या सेल्टिक क्लबच्या जिमी मॅक्ग्रोरीचं नाव निघालं. अधिकृत सामन्यांत 550 गोल, ब्रिटनमधला हा विक्रम अजून मोडलेला नाही. पण देशाकडून 1928 ते 1933 या काळात सामने अवघे 7! दुखापती होत्या, की निवड समितीशी बिनसलं होतं? जाणकारांनी सांगावं.

नऊ_नंबर
भावा, यातलं काहीच नाही. त्याच्या वाटेत ह्युई गॅलाकर उभा होता. न्यूकॅसलचा हा गडी स्कॉटलंडकडून 20 सामने खेळला आणि 20 पेक्षा जास्त गोल मारून गेला. तेव्हा देशाचे महत्त्वाचे सामने वर्षाला तीनच: इंग्लंड, वेल्स, आयर्लंड. बदली खेळाडूची सोय नव्हती. जागा एक आणि हक्कदार दोन.

तरी 1928 चा राग माझ्या मनातून जात नाही. 14 जानेवारीला सेल्टिकनं डनफर्मलिनला 9-0 नं धुतलं, त्यातले 8 गोल एकट्या मॅक्ग्रोरीचे. फेब्रुवारीत आयर्लंडविरुद्ध त्याला पहिली संधी मिळाली, स्कॉटलंड 0-1 नं हरलं. 31 मार्चला लंडनच्या वेम्बली मैदानावर इंग्लंडशी सामना, आणि निवड झाली गॅलाकरची. रेफरीशी गैरवर्तन केलं म्हणून त्याच मोसमात त्याच्यावर दोन महिन्यांची बंदी होती, तरीही. स्कॉटलंड 5-1 नं जिंकलं, मग निवड समितीला कोण बोलणार? त्या पाचांत गॅलाकरचा एकही गोल नव्हता, तीन ॲलेक्स जॅक्सनचे आणि दोन ॲलेक्स जेम्सचे. मॅक्ग्रोरी वेम्बलीवर देशाकडून कधीच खेळला नाही.

उंची साडेपाच फुटांच्या आसपास, आणि नाव काढलं ते हेडरनं. मी स्वतः पुढच्या फळीत खेळलोय, म्हणून सांगतो. तेव्हाचा चेंडू चामड्याचा, तोंडाला वादी बांधलेली. पावसात भिजला की जड व्हायचा, आणि वादीची बाजू कपाळावर बसली की कातडं सोलायचं. अशा चेंडूवर हा माणूस आडवा झेपावायचा. 1925 च्या स्कॉटिश कप अंतिम सामन्यात डंडीविरुद्ध 1-1 असताना विजयी गोल त्यानं असाच झेपावून डोक्यानं मारला.

तालमीचा_पोर
दादा, मस्त! आर्सेनल त्याला न्यायला टपलं होतं, ते खरं का?

नऊ_नंबर
खरं आहे. तेही 1928 मध्येच. सेल्टिकचे मॅनेजर विली मेली त्याला घेऊन फ्रान्समधल्या लूर्द या ख्रिस्ती तीर्थक्षेत्राच्या यात्रेला निघाले होते. वाटेत लंडनला आर्सेनलचे मॅनेजर हर्बर्ट चॅपमन भेटायला हजर! क्लबला पैसे हवे होते, पण मॅक्ग्रोरीनं साफ नाही म्हटलं. परतीच्या वाटेवरही चॅपमननी गळ घातली, तरी नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात आर्सेनलनं बोल्टनच्या डेव्हिड जॅकसाठी 10,000 पौंडांहून जास्त मोजले, त्यावरून अंदाज घे. आणि इकडे सेल्टिक त्याला संघातल्या इतरांपेक्षा कमी पगार देत राहिलं. हे त्याला पुष्कळ वर्षांनी कळलं, तरी क्लबवरचं प्रेम आटलं नाही. ग्लासगोच्या गार्नगॅड वस्तीतला गरिबाघरचा पोरगा, त्याला सेल्टिकचं नाव पैशापेक्षा मोठं होतं. क्लबनं मात्र फार वाईट वागवलं, हे माझं ठाम मत.

मैदानवाला
1933 कसं विसरलात? ग्लासगोचं हॅम्पडेन पार्क मैदान, 1,34,710 प्रेक्षक, स्कॉटलंड 2 इंग्लंड 1, दोन्ही गोल मॅक्ग्रोरीचे! दुसरा तर अगदी शेवटी, बॉब मॅकफेलच्या पासवर. तिथल्या प्रेक्षकांच्या आरोळीला ‘हॅम्पडेनची गर्जना’ म्हणतात, तिचा जन्म बरेच जण त्या गोलाशी जोडतात. वर्ष संपायच्या आत आयर्लंडशी एक सामना हरले आणि याचं नाव कायमचं वगळलं. पुढे 1935-36 च्या लीगमध्ये त्यानं 50 गोल मारून सेल्टिकला विजेतेपद मिळवून दिलं, तरी बोलावणं नाही. तेव्हा कुठला गॅलाकर आडवा होता?

नऊ_नंबर
मान्य. 1934 नंतरच्या वगळण्याला माझ्याकडे उत्तर नाही.

मैदानवाला
आणखी एक. 1936 मध्ये कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगचा मोहम्मद सलीम सेल्टिकच्या दुसऱ्या संघाकडून खेळला, बूट न घालता, पायाला पट्ट्या बांधून. मॅक्ग्रोरी तेव्हा पहिल्या संघात होता.

तालमीचा_पोर
हे कट्ट्यावर कुणालाच माहीत नव्हतं! सलीमवर वेगळा धागा काढा ना.