झुको आणि आयरोकाका राहिले की!

कार्टूनमधल्या आवडत्या जोड्या म्हटल्या की टॉम-जेरी, पिंकी आणि ब्रेन ही नावं येतातच, पण माझ्यासाठी सगळ्यात जवळची जोडी ‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’ या अ‍ॅनिमेटेड मालिकेतली (२००५-०८). सतत धुमसणारा झुको आणि त्याचे चहात रमणारे आयरोकाका. काकांना दगा दिल्यावर झुको शेवटी त्यांच्या तंबूत येतो. ते झोपलेले. हा रात्रभर नुसता बसून राहतो. सकाळी काका पाठमोरेच, आणि हा रडत माफी मागतोय. वाक्य पुरं व्हायच्या आत ते त्याला ओढून मिठीत घेतात! रागावलो नव्हतोच, तू वाट चुकलास म्हणून वाईट वाटत होतं, म्हणतात. आयरोंना आवाज देणारे माको २००६ मध्ये गेले, तिसऱ्या पर्वात ग्रेग बाल्डविन यांनी तो इतका सांभाळला की नातं कुठे तुटलंच नाही.