शब्दचर्चा : ध्वनिमुद्रण 'रंगतं' का?

प्रश्न

रागसंगीताची आणि पाश्चात्त्य अभिजात संगीताची नवी ध्वनिमुद्रणं ऐकून त्यांवर मी छोटी टिपणं लिहितो. लिहिताना तीन ठिकाणी हमखास अडतं.

या लेखनाला म्हणायचं काय? परीक्षण, समीक्षा, रसग्रहण, आस्वाद हे चारही शब्द दिसतात, पण त्यांत फरक आहे असं वाटत राहतं.

दुसरं, जाणकारांनी एखादं ध्वनिमुद्रण कसं घेतलं हे सांगताना हल्ली 'टीकात्मक प्रतिसाद' असं लिहिलेलं आढळतं. ते कानाला बरं लागत नाही. त्याऐवजी काय म्हणावं?

तिसरं, 'हे ध्वनिमुद्रण चांगलंच रंगलं आहे' असं वाक्य लिहिलं की मला स्वतःलाच शंका येते. मैफल रंगते. ध्वनिमुद्रण रंगतं का?

प्रतिसाद

'टीकात्मक प्रतिसाद' तर सोडूनच द्या. टीका म्हणजे मुळात विवरण, भाष्य. ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीका, आणि तिच्यात गीतेचे दोष काढलेले नाहीत. समीक्षकाला टीकाकार म्हणण्याची रीतही मराठीत बराच काळ होती. पण आज 'त्यांच्यावर टीका झाली' म्हटलं की त्यांना झोडपलं एवढाच अर्थ उरतो. त्यामुळे 'या ध्वनिमुद्रणाला उत्तम टीकात्मक प्रतिसाद लाभला' हे वाक्य वाचणारा गोंधळणारच.

आणि मराठीत या कामासाठी क्रियापदं भरपूर आहेत, त्यांना नामाच्या साच्यात कोंबायची गरज नाही. गाजणं हे लोकांमधलं आहे, त्यात आवाज आहे, गर्दी आहे. नावाजणं हे जाणत्यांमधलं. वाखाणण्यात कुणीतरी तोंड भरून बोललेलं असतं, म्हणून वाखाणणारा कोण हे वाक्यात यायला हवं. उचलून धरणं यात थोडी बाजू घेणं आहे, म्हणजे विरोधी मतही होतं हे सूचित होतं. दखल घेणं सगळ्यांत सावध: लक्ष गेलं, लिहिलं गेलं, मत काय होतं ते पुढे सांगतो. एखादं ध्वनिमुद्रण गाजतं पण नावाजलं जात नाही, आणि उलटही होतं. हा फरक मराठी एका क्रियापदात दाखवते, तो घालवू नये. नामच हवं असेल तर 'जाणकारांचा अभिप्राय' किंवा, मतं जुळलेली असतील तर, 'जाणकारांचा कौल' म्हणावं.

परीक्षण आणि समीक्षा दोन्ही 'ईक्ष्' म्हणजे पाहणं या एकाच धातूवरून आले. वापरात मात्र त्यांनी वेगळ्या वाटा धरल्या. परीक्षण एका विशिष्ट कृतीचं, ती नवी असताना, निवाडा देऊन: पुस्तक-परीक्षण, नाट्यपरीक्षण. समीक्षेला पैस मोठा लागतो. एका गायकाची सगळी ध्वनिमुद्रणं किंवा एखाद्या घराण्याची वाटचाल समोर ठेवून लिहिलं तर समीक्षा. रसग्रहण आणि आस्वाद या शब्दांत कृती चांगली आहे हे आधीच मान्य केलेलं असतं. 'या ध्वनिमुद्रणाचा आस्वाद' असं शीर्षक देऊन खाली 'तिसऱ्या सप्तकात आवाज टिकत नाही' असं लिहिता येत नाही, शीर्षकच अडवतं. नव्या ध्वनिमुद्रणावरचं टिपण हे परीक्षणच. तो शब्द रुक्ष वाटतो हे खरं, पण प्रामाणिक आहे.

'रंगणं' हा प्रश्न यांहून अवघड आहे आणि माझ्या मते खरा महत्त्वाचा तोच आहे.

मराठीतली संगीताविषयीची भाषा मैफलीत तयार झाली. केशवराव भोळे 'एकलव्य' या टोपणनावाने गायकांवर लिहीत, त्या पिढीच्या लेखनातले शब्द बघा. मैफल जमते, चढते, पकड घेते, उभी राहते, पडते. गाणं वठतं. दाद येते, मिळते, घेतली जाते. या प्रत्येक शब्दात समोर बसलेला श्रोता गृहीत आहे. गाणाऱ्याला दाद पोचते, त्या दादेने पुढची तान वेगळी होते, साथीदाराला हुरूप येतो, आणि या देवाणघेवाणीला आपण रंगणं म्हणतो. बंद खोलीत, मायक्रोफोनसमोर केलेल्या ध्वनिमुद्रणात ती देवाणघेवाण नसते. तिथे दुसरंच काही घडलेलं असतं आणि त्याला मैफलीचा शब्द लावला की ते झाकलं जातं.

नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्याला गौहर जान यांनी ग्रामोफोन कंपनीसाठी गाणी मुद्रित केली, त्या तबकड्यांच्या शेवटी त्या इंग्रजीत स्वतःचं नाव सांगतात. कर्ण्यात तोंड घालून, तीन-साडेतीन मिनिटांत गाणं संपवायचं, हा प्रसंग मैफलीचा नाहीच. अब्दुल करीम खाँसाहेबांची 'पिया बिन नाही आवत चैन' ही झिंझोटी रागातली ठुमरी अशाच तबकडीच्या एका बाजूवर मावलेली आहे. ती रंगलेली म्हणावी का? मला ती बांधलेली वाटते. कुठे थांबायचं, कोणती जागा एकदाच घ्यायची, कोणती टाकून द्यायची, हे आधी पक्कं झाल्याशिवाय असं गाणं होत नाही. मर्यादित वेळेत रागाचं रूप उभं करणं ही स्वतंत्र कला आहे आणि तिला 'रेखीव', 'बांधेसूद', 'घट्ट' हे शब्द शोभतात.

प्रतिसाद

वरच्या मांडणीशी पुष्कळसा सहमत आहे, पण एक भर घालतो. अलीकडे रागसंगीतात 'नवं' म्हणून जे प्रकाशित होतं, त्यातलं कितीतरी प्रत्यक्ष मैफलीतलं असतं. श्रोत्यांची वाहवा त्यात ऐकू येते, गायक मध्येच साथीदाराला काही सांगतो तेही येतं. तिथे 'रंगली' म्हणणं अगदी उचित आहे. फक्त कर्ता बदलावा: 'मैफल रंगली आहे आणि ध्वनिमुद्रणात ती रंगत उतरली आहे'. रंगत उतरणं हा जुना, चांगला शब्दप्रयोग आहे. मुद्रणाची चांगली बाजू आणि गाण्याची चांगली बाजू एकाच वाक्यात वेगळ्या दिसतात.

प्रश्नकर्ता

'रंगत उतरणं' मी आजपासून वापरणार. पण मग पाश्चात्त्य संगीतासाठी काय? तिथे रचना कागदावर पक्की, मैफलीतली दाद तुकडा संपल्यावर, आणि परीक्षणं बहुतेक एकाच रचनेच्या वेगवेगळ्या ध्वनिमुद्रणांची तुलना करणारी. बाखच्या 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स'बद्दल 'या वादकाची गोल्डबर्ग आवृत्ती' असं लिहितो तेव्हा 'आवृत्ती' पुस्तकाची वाटते.

प्रतिसाद

गोल्डबर्गचंच उदाहरण घेऊ. बाखची ही रचना १७४१ मध्ये छापली गेली. पियानोवादक ग्लेन गूल्डने ती १९५५ मध्ये मुद्रित केली, सुमारे ३८ मिनिटांत. १९८१ मध्ये पुन्हा मुद्रित केली, तेव्हा सुमारे ५१ मिनिटं लागली. वादक तोच, वाद्य पियानोच, स्वरलिपी तीच. बदललं काय? त्याने त्या स्वरांचा लावलेला अर्थ. 'आवृत्ती' म्हटलं तर मजकूर बदलला असं वाटतं, जे चूक आहे. 'सादरीकरण' म्हटलं तर गूल्डच्या बाबतीत अडचण होते, कारण १९६४ नंतर त्याने जाहीर मैफली करणंच सोडलं होतं, सादर करायला समोर कुणी नव्हतं. मी तिथे 'अन्वय' वापरतो. श्लोकातले शब्द तेच असतात, कोणता शब्द कशाशी जोडायचा हे अन्वय लावणारा ठरवतो. पियानोवादकही तेच करतो: कोणता सूर पुढे, कोणता मागे, वाक्य कुठे तोडायचं. 'गूल्डचा १९८१ चा अन्वय अधिक संथ आणि आतल्या लयींचं एकमेकींशी नातं दाखवणारा आहे' हे वाक्य मराठी वाचकाला जड जाणार नाही.

रागसंगीतात मात्र 'अन्वय' नको. तिथे मजकूरच गाताना तयार होतो. मांडणी, बढत, रागविचार हे शब्द पुरेसे आहेत. बंदिशीचे शब्द किंवा स्वररचना घराण्यागणिक बदलते तिथे 'पाठ' आणि 'पाठभेद' आहेतच. दोन संगीतांना एकच शब्द लावायचा हट्ट धरला की दोन्हींचं नुकसान होतं.

प्रतिसाद

'शास्त्रीय' या शब्दालाही इथे हात लावायला हवा. त्याने शास्त्र पाळणारं संगीत असा समज होतो. संगीताचे अभ्यासक अशोक दा. रानडे यांनी 'कलासंगीत' हा शब्द आग्रहाने वापरला आणि तो नेमका आहे. 'अभिजात' पाश्चात्त्य संगीतासाठी रुळला आहे, 'रागसंगीत' आपल्यासाठी. परीक्षणात एवढं पुरे.

प्रतिसाद

मी ध्वनिमुद्रणाच्या तांत्रिक बाजूने लिहिते. मराठी परीक्षणांत तिच्यावर एक वाक्य असतं, शेवटी, 'ध्वनिमुद्रणाचा दर्जा उत्तम' एवढंच. शब्द नाहीत म्हणून असं होतं हे मला पटत नाही. शब्द आहेत, ते गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या तोंडी आहेत.

खोलीमुळे सूर रेंगाळतो त्याला घुमारा म्हणतात. प्रतिध्वनी वेगळा, तो स्वतंत्रपणे परत ऐकू येतो. छेडलेल्या तारेचा नाद टिकतो ती आस. जुन्या तबकडीची खरखर, पातळी जास्त झाल्यावर आवाज फाटणं. तबला पुढे आला, पेटीने आवाज झाकला, तंबोरे पार मागे पडले, हे तर प्रत्येक श्रोता म्हणतोच. मग लिहीत का नाही?

यातला तंबोऱ्याचा मुद्दा मला फार जिव्हाळ्याचा आहे. जुनं ध्वनिमुद्रण स्वच्छ करून पुन्हा प्रकाशित करतात तेव्हा खरखर काढताना वरच्या कंप्रतेचा भाग छाटला जाण्याचा धोका असतो. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेच्या नादातली झणकार, तिथेच असते. ती गेली की षड्ज राहतो पण त्याच्याभोवतीचं तेज जातं, आणि गायकाने कोणत्या नादात आपला सूर मिळवला होता तेच कळेनासं होतं. परीक्षणकर्त्याने 'आवाज स्वच्छ झाला' असं लिहून पुढे जाऊ नये. 'खरखर गेली, जवारीही गेली' असं लिहावं. अशा प्रकाशनाला 'पुनर्मुद्रण' म्हणतात तेही टाळावं. पुन्हा गायलेलं नाही. 'पुनर्प्रकाशन' बरोबर आहे, आणि आवाजावर काम केलेलं असेल तर 'रिमास्टर' हा शब्द आता सगळ्यांना कळतो.

पहिले प्रतिसादकर्ते

ताई, तुम्ही हे लिहिलंत ते फार बरं झालं. माझ्या मनात जे होतं ते आता नीट सांगता येईल. परीक्षणात तीन गोष्टींची गल्लत होते: रचना किंवा राग, तो गाणाऱ्या-वाजवणाऱ्याची कामगिरी, आणि मुद्रण. 'अप्रतिम', 'श्रवणीय', 'स्वर्गीय' ही विशेषणं तिन्हींवर सारखीच चिकटतात, म्हणून ती निरुपयोगी आहेत.

संचालक सोल्टीने व्हिएन्ना फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाबरोबर वाग्नरच्या 'रिंग' या ऑपेरामालिकेचं ध्वनिमुद्रण १९५८ ते १९६५ या काळात केलं. त्यात निर्माता जॉन कल्शॉ याचा वाटा एवढा मोठा आहे की त्याचं नाव न घेता परीक्षण पुरं होत नाही. रंगमंच नाही, प्रेक्षक नाहीत, आणि तरी नाट्य कानांनी दिसावं अशी ध्वनीची रचना त्याने केली. त्याचं श्रेय संचालकाच्या 'जोशपूर्ण सादरीकरणा'त विरघळवून टाकणं अन्याय आहे.

उलट टोकाचं उदाहरण जॉइस हॅटो यांच्या नावाने निघालेल्या सीडींचं. या ब्रिटिश पियानोवादक २००६ मध्ये वारल्या. त्यांच्या नावावरची ध्वनिमुद्रणं काही समीक्षकांनी मनापासून नावाजली होती. फेब्रुवारी २००७ मध्ये उघड झालं की ती दुसऱ्याच वादकांची आहेत. लिझ्टच्या रचनांच्या एका सीडीतलं वादन पियानोवादक लाझ्लो सिमॉन यांच्या सीडीशी जुळलं, आणि मग एकेक उलगडत गेलं. हॅटो यांच्या पतीने पुढे कबुलीही दिली. समीक्षकांचे कान वाईट होते असं मी म्हणणार नाही, वादन खरंच चांगलं होतं. पण आजाराशी झगडत म्हातारपणी जवळजवळ सगळं पियानो-साहित्य मुद्रित करणाऱ्या वादकाची कहाणी वादनाच्या वर्णनात मिसळली. 'सोसण्यातून आलेली प्रगल्भता' असले शब्द आपल्याही परीक्षणांत सहज येतात. ते ध्वनिमुद्रणात कुठे ऐकू येतं हे सांगता येत नसेल तर लिहू नयेत.

प्रश्नकर्ता

पटलं. आणखी एक छोटी शंका. 'ध्वनिमुद्रिका' म्हणजे तबकडी, 'ध्वनिफीत' म्हणजे कॅसेट. आज नवं संगीत थेट फोनवर येतं, हातात वस्तू नसते. मग 'नवी ध्वनिमुद्रिका' म्हणावं का?

प्रतिसाद

वस्तू असेल तरच मुद्रिका, तबकडी, फीत. अमीर खाँसाहेबांची एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी असलेली एलपी ही ध्वनिमुद्रिका. त्या दोन बाजूंची विभागणी ऐकण्याचाच भाग आहे: मारवा संपला की उठून तबकडी उलटायची आणि मग दरबारी. फोनवरच्या प्रकाशनाला 'ध्वनिमुद्रण' किंवा नुसतं 'अल्बम' म्हणा.

प्रतिसाद

आणि 'नवं' शब्दही जपून. केसरबाई केरकरांची 'जात कहाँ हो' ही भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेली तेव्हा तिचं मुद्रण कित्येक वर्षं जुनं होतं. चाळीस वर्षांपूर्वीची मैफल आज प्रथमच बाहेर आली, तर ती 'नव्याने प्रकाशित' असते. तिला 'नवं ध्वनिमुद्रण' म्हटलं की वाचक आजचा आवाज शोधतो आणि गायकाच्या वयाचा, साथीदारांचा, त्या काळच्या लयीचा सगळा संदर्भ हुकतो. परीक्षणाच्या माथ्यावर मुद्रणवर्ष आणि प्रकाशनवर्ष दोन्ही द्यावीत. मुद्रणवर्ष प्रकाशकाने छापलेलं नसेल तर तेही परीक्षणात स्पष्ट लिहावं, कारण तो प्रकाशकाचा दोष आहे.